छातीतले आवाज

विज्ञानावर माझी अढळ श्रद्धा आहे. म्हणूनच हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन करावं की नाही, हे विचारायला मी डॉक्टरांच्या आधी ज्योतिषाकडे जाऊन आलो.

ज्योतिषी टाळाटाळ करायला लागला, तेव्हा माजिवड्याचं हॉस्पिटल गाठलं. तिथे डॉक्टर सगळ्यात शेवटी येतात. आधी येतात रचना मॅडम, फिजिशियन असिस्टंट. त्यांनी सगळी हकीकत विचारायची, नीट तपासायचं, मग डॉक्टरांना सांगायचं.

"डॉक्टर," मी सुरुवात केली.

"डॉक्टर नाही हो काका, असिस्टंट."

"मग खरं सांगायला हरकत नाही."

दुपार होती. पडद्यातून ताकासारखं पांढुरकं ऊन झिरपत होतं. त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ लावूनच ठेवला.

"काका, घरी नळ चालू राहिलाय का?"

मी हसलो. कोलशेतला घरी परतलो तर मोरीत पाणी वाहत होतं.

"वॉशर गेलाय," सरोज, माझी बायको, म्हणाली. वॉशर खरंच गेलेला.

पुढच्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "फोडणी जळतेय बहुतेक." घरी सरोजने जळून काळ्या झालेल्या मोहरीचा कोबी वाढला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो मुकाट खाल्ला.

मग मला सवयच झाली. तपासणी म्हणजे दुपारची झोप वाटायची. छातीवर थंडगार चकती, आणि आत कुठेतरी लांब, मंद, माझंच घर चाललेलं.

शेवटच्या तपासणीला निकाल होता. ऑपरेशन, की घरी. मी मनातल्या मनात घरी, घरी म्हणत होतो. मॅडमनी डोळे मिटून ऐकलं.

"काकू एकट्याच असतात ना?"

"हो."

"बोलतायत कुणाशी तरी."

"फोनवर असेल."

"नाही. चहा ओततायत. दोन कप."

"कोण आलंय?"

त्यांनी चकती उचलली. पुसली. परत लावली नाही.

"पुरुषाचा आवाज आहे," त्या म्हणाल्या. "काका, तुमचाच."

मी मोबाइलवरून घरच्या जुन्या फोनचा नंबर लावला.

"सरोज, मी बोलतोय."

ती रिसीव्हर बाजूला धरून कुणाला तरी म्हणाली, "अहो, अगदी तुमच्यासारखा आवाज आहे. घेता का?"

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

खुर्ची सरकली.

मी फोन कट केला.

तेवढ्यात डॉक्टर आले, रिपोर्ट पाहिले, खूश दिसले. झडप ठीक होती. ऑपरेशन रद्द झालं, आणि मला घरी जायला सांगण्यात आलं.