न सांगितलेलं लाकूड

दिवाळी होऊन गेली होती. सौंसरच्या बाजारात संत्र्यांच्या गाड्या यायला लागल्या होत्या, आणि त्या गाड्यांमधून वाट काढत उर्मिला सासऱ्यांच्या मागोमाग लाकडाच्या टालावर निघाली होती. राज्यांची नवी रचना होऊन नागपूर नुकतंच दुसऱ्या राज्यात गेलं होतं. तिचं माहेर, तिचं कॉलेज, सगळंच आता एका नाक्यापलीकडे. पण तिला तिकडे जायचंच नव्हतं. तिला घरातली मागची खोली आतून लाकडानं मढवून घ्यायची होती. जंगलातल्या खोपीसारखी.

लग्नानंतरचे मोजके महिने तिनं त्या खोपीत काढले होते. श्रीधर वनखात्यात होता, आणि डोंगरावरचं ते ओंडक्यांच्या भिंतींचं एका खोलीचं घर त्याला मिळालं होतं. पाल चुकचुकली तरी ती त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहायची. "कॉलेजात काय घाबरायचंच शिकवत होते का तुले?" म्हणून तो हसायचा. मग वैशाखातल्या वादळात एक झाड उन्मळलं आणि तो त्याच्याखाली सापडून गेला. त्यानंतर तिनं काही मागितलं असेल तर ही खोलीच. केशवरावांना, तिच्या सासऱ्यांना, नाही म्हणवलं नाही.

टालवाले भैय्याजी मात्र चक्रावले.

"सागाच्या फळ्या देतो न बाई. रंधा मारून. आरशावानी चेहरा दिसंन."

"रंधा नको. साल राहू द्या."

"साल? अवो, लोक साल काढून मांगतात, तुमी ठेवून मांगून राहिल्या! वाळवीले जेवाले बोलावता का?"

"पोरीले जसं पायजे तसं द्या भैय्याजी," केशवराव म्हणाले.

ती ओंडक्या-ओंडक्यापाशी वाकून वास घेत हिंडली. सागाला चामड्याचा वास येत होता. हळदूचं लाकूड पिवळंधमक, परकं. खोपीचा वास यातला कुठलाच नव्हता. मागे, कोळशाच्या भट्टीजवळ, ताडपत्रीखाली काही काळपट ओंडके पडले होते. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल. तिनं हात ठेवून वास घेतला. ओला पाला, धूर… खोपी.

"ते विकाले नाही," भैय्याजींचा आवाज दबला. "ऐनाचं हाय. भट्टीत जाईन ते. वादळानं पडलेलं…"

"कोणत्या वादळानं?"

भैय्याजी केशवरावांकडे पाहत होते.

"तेच झाड?" तिनं विचारलं. भैय्याजींनी मान हलवली.

"याले कोणी सांगतलं नाही न बाई," ते पुटपुटले.

त्याचा अर्थ तिला सांगायची गरज नव्हती. तिनं जंगलात पाहिलं होतं. झाड तोडायच्या आदल्या सांजेला बुडाशी तांदूळ-सुपारी ठेवून मजूर हात जोडायचे. उद्या येतो बाबा, तू दुसरं घर पाह्य. झाडात जो कोणी राहत असेल, तो रातोरात निघून जायचा. आणि ज्या झाडाला सांगितलं नाही, त्याचं लाकूड घरात न्यायचं नाही. त्यात राहणारा सोबत येतो.

"म्हणूनच हे पाहिजे," ती म्हणाली. श्रीधर शेवटी त्या झाडापाशी होता. मग आणखी कुठे गेला असेल?

केशवरावांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्या आत बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा घातली.

"भरून द्या, भैय्याजी."

खोली झाली. चारही भिंतींना सालीसकट उभ्या फळ्या, कोपऱ्यात कंदील, खाली चटई. सासूबाईंनी उंबरा ओलांडला नाही. उर्मिला रोज दिवेलागणीला आत जाऊन बसायची. लाकूड सुकताना तडकायचं, ती दचकायची, मग वाट पाहायची. पौष उजाडला.

त्या संध्याकाळी आधी वास आला. भिजलेल्या पाल्याचा. मग भिंतीपलीकडे कोणीतरी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला. लांबून चालत आलेला माणूस दाराशी थांबतो, तसा. उर्मिलाला नवल वाटलं, तिला भीती वाटत नव्हती.

"आलात?…" ती हळूच म्हणाली. "किती वेळ लावला…"

साल किंचित फुगली आणि बसली. मग आवाज आला. पुरुषाचा. दमलेला, फार जुना… श्रीधरचा नव्हे.

"मनकर्णा?…"

या नावाचं तिच्या माहितीत कोणी नव्हतं. श्रीधरच्या कितीतरी आधीपासून त्या झाडात कोणी वाट पाहत बसलं असेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मनकर्णा… हायेस का वो?"

दार अर्धं उघडं होतं. ओसरीवर केशवराव खोकत होते. चार पावलांत बाहेर जाता आलं असतं. पण तो आवाज… ती स्वतः इतके दिवस मनातल्या मनात हाक मारत होती, ती अगदी अशीच. त्या हाकेला उत्तर मिळालं नाही की काय होतं, ते तिला ठाऊक होतं.

ती उठली. आतून कडी घातली. सालीवर तळहात टेकला. साल ऊन होती.

"हो," ती म्हणाली. "इथंच हाय मी."

भिंतीनं सुस्कारा सोडला. तिलाही हलकं वाटलं, कितीतरी वर्षांचं ओझं उतरल्यासारखं.

थोड्या वेळानं दारावर कोणीतरी टकटक केली. कोणी म्हातारा होता, दबक्या आवाजात विचारत होता, "उर्मिला… पोरी, आला का तो?"

तिला त्याची दया आली. बिचारा पुन्हा पुन्हा हाक मारत होता. ही उर्मिला कोण असेल? आणि तिला ओ द्यायला काय होतं?