डावीकडचा श्वास

माझी धाकटी मावशी सदा सर्वदा खरंच बोलते, असा माझा मुळीच दावा नाही. वय विचारलं की ती चार-पाच वर्षं सहज गिळून टाकते. पण ही हकीकत मी तिच्याकडून अनेकदा ऐकली आहे, आणि तिने एकदाही त्यात शब्दाची भर घातलेली नाही. थापा मारणाऱ्याला तेवढा धीर नसतो.

म्हणून म्हणते, हे घडलं.

वाचनालयाच्या वरचा हॉल. रविवारची टळटळीत दुपार.

मावशी बायकांच्या गानमंडळात गायची. त्या वर्षी ठरलं, कार्यक्रमातल्या सगळ्या रचना बायकांच्याच असतील.

"पियानोवर तरी पुरुष चालेल ना?" काकांनी विचारलं.

"चालेल. पडद्याआड बसवू," मावशी म्हणाली.

शेवटचं गाणं जिवावरचं होतं. ते रचणारी बाई केव्हाच वारली होती, आणि तिच्या हयातीत ते कोणी गायलंच नव्हतं. वरच्या आवाजांचं गाणं चालू असताना खालच्या आवाजाच्या बायकांनी एकच सूर धरायचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. न तोडता.

एकीच्या छातीत एवढी हवा मावत नाही. म्हणून शेजारणीशी वाटून घ्यायची. ती गाते तेव्हा आपण चोरून श्वास घ्यायचा, आपण गातो तेव्हा तिने. ऐकणाऱ्याला फट सापडत नाही.

पण मावशी नुकतीच न्यूमोनियातून उठलेली. जिना चढला की धाप लागायची. शिकवणाऱ्या बाईंना हे कळतं तर त्यांनी तिला सरळ प्रेक्षकांत बसवलं असतं. आणि घर, मुलं, सगळ्यांची दुखणी निस्तरून झाल्यावर मावशीने स्वतःसाठी मागितलेली जागा ती एवढीच.

"ठणठणीत आहे मी!" तिने ठोकून दिलं.

रांगेत ती टोकाला उभी राहायची. उजवीकडे बँकेतली मैत्रीण. डावीकडे भिंत.

पहिल्याच तालमीत मावशीचा दम संपला. नेमकी तेव्हाच बँकवाली श्वास घेत होती. सूर तुटणार...

तुटला नाही.

डावीकडून कोणीतरी तो उचलला. बाईचा आवाज. जाड, थोडा खरखरीत.

मावशीने छाती भरून घेतली आणि मान वळवली...

भिंत.

तालीम संपल्यावर बँकवाली म्हणाली, "काय गं, आजारी होतीस म्हणे? श्वास कधी घेतेस पत्ताच लागत नाही!"

दुसरी कोणी पळाली असती. मावशीने नफा-तोटा बघितला. भूत असलं तर असो, काम चोख करतंय! पुढच्या तालमींना ती बिनधास्त गायली. दम संपला की सोडायचं, डावीकडे सूर हजर. आणि तिकडून श्वास ऐकू आला... लांब, सावकाश... की आपण धरायचं. शेजारधर्म.

फक्त एक गोष्ट खटकायची.

तिकडचा श्वास प्रत्येक तालमीला जरा जास्त लांबत होता.

कार्यक्रमाला हॉल भरला. शेवटचं गाणं संपत आलं. डावीकडे श्वास सुरू झाला... मावशीने सूर धरला.

तो श्वास संपेना.

बाईंनी थांबण्याची खूण म्हणून मूठ आवळली. सगळ्या थांबल्या.

मावशी थांबली नाही.

"थांबायचं होतं गं मला," ती सांगते. "पण पाळी माझी होती. तिने परत घेतल्याशिवाय सोडता येईना."

बाई डोळे वटारतायत. बँकवाली कोपराने ढोसतेय. मावशीचे ओठ निळे पडलेले. छातीत हवा उरलेली नाही... आणि गळ्यातून सूर निघतोच आहे.

लोकांना वाटलं, शेवट असाच आहे. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

त्या गोंगाटात...

डावीकडून सूर आला.

मावशी कोसळली, आणि तहानलेल्याने पाणी प्यावं तसा तिने घटाघटा श्वास घेतला.

डॉक्टरांनी तपासलं. "फुप्फुसं उत्तम आहेत. आधीपेक्षाही."

मंडळ तिने त्याच आठवड्यात सोडलं.

पण काका सांगतात, दुपारी पेपर वाचता वाचता ती मध्येच स्तब्ध होते. छाती हलत नाही. एकदा ते घाबरून ओरडले, "अगं, श्वास घे ना!" तिने हातानेच थोपवलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कसा घेऊ? तिचं अजून चाललं होतं."

परवा मी तिला फोन केला. काकांनी आणलेल्या नव्या टोपीवरून ती त्यांची यथेच्छ टिंगल करत होती. मध्येच गप्प झाली.

"मावशी?"



फोन चालू होता. पलीकडे कोणीतरी श्वास आत घेत होतं... लांब... सावकाश... संपतच नव्हता.

"मावशी! अगं बोल ना!"

शेवटी ती बोलली. धापा टाकत.

"हं... काय सांगत होते मी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तेवढा वेळ मीसुद्धा श्वास घेतला नव्हता.

भीतीने झालं असेल. मी तरी स्वतःला तसंच सांगतेय.