हळदीच्या रंगाचा ऐन

सदू निर्दोष ठरला आणि गावाने त्याला हार घातला. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. तसं काही घडलेलं नाही.

घडलं ते असं. सरपण विकणारा सदू सकाळीच डिटेक्टिव्ह प्रणालीच्या कचेरीत आला. कचेरी म्हणजे किहीमच्या झेरॉक्सच्या दुकानातलं अर्धं टेबल. त्याच्या कोपऱ्यावर तिचा मदतनीस शुभम बसायचा, आणि तेवढी जागाही त्याला जास्तच होती.

"बाय, शहरबानू चाची माणगावला लेकीकडं गेल्या, तवर त्यांचं फणसाचं झाड कुणी तोडून न्हेलं. गाव मला चोर म्हणतंय. संध्याकाळी ग्रामसभेत माझा धंदा बंद करणार हाय."

"तू तोडलास?"

"न्हाय."

"एवढं विचारायचं गावाला सुचलं नसेल."

शहरबानूंच्या वाडीत फणसाच्या उरलेल्या बुंध्यावर पांढरा चीक साकळला होता. शुभमने त्याला बोट लावलं आणि ते रुमालाला चिकटलं.

"खोबरेल लाव, बेटा," माणगावहून परतलेल्या शहरबानू म्हणाल्या. "फणसाला हात लावायच्या आधी आम्ही लावतो. तू नंतर लाव."

सदूकडे फक्त सुरूची लाकडं होती. बेकरीवाल्या नुरुद्दीनकडे आंब्याची, वाळून भेगाळलेली.

"ओला फणस भट्टीत घालू?" नुरुद्दीन भडकला. "पावाला धूर लागला तर गिऱ्हाईक तोच पाव माझ्या तोंडावर मारेल."

शहरबानूंच्या वाडीमागे पियूषची कॉटेजेस होती. तो लंगडत आला. पायाला बँडेज होतं.

"पाय घसरला, मॅडम. बाकी मजेत. परवापासून सगळ्या खोल्यांतून समुद्र दिसतो."

शेकोटीसाठी ओंडके रचले होते. शुभमने चौकोनी भेगांच्या सालीवर थाप मारली. "ऐनाचं झाड! साल मगरीच्या पाठीसारखी. हे मला येतं."

"आणि कापलेली बाजू?"

"पिवळी. हळदीसारखी. छान ऐन आहे."

प्रणालीने भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड उचलली. दांडा हातातून निसटला. तिने हात हुंगला आणि शुभमच्या शर्टाला पुसला.

ग्रामसभेत तिने एक ओंडका टेबलावर आपटला.

"ऐन आतून तपकिरी असतो, पिवळा असतो तो फणस. या माणसाने फणसावर ऐनाची साल खिळ्यांनी ठोकली आहे. बारा खिळे. तुम्ही साल बघून लाकूड ओळखता, एवढाच तुमच्या अकलेचा त्याला अंदाज होता. तो बरोबर निघाला."

पियूष हसला. "सदूनेच विकला असेल मला."

"तुमच्या कुऱ्हाडीचा दांडा खोबरेलाने माखलाय. सदू लाकूडतोड्या आहे. तो हातांना तेल लावणार नाही, दांडा निसटतो. तेल कोण लावेल? ज्याने फणस फक्त स्वयंपाकघरात फोडलाय तो. चिकाला घाबरून तुम्ही हातांना खोबरेल चोपडलंत, कुऱ्हाड निसटली आणि पायावर बसली. सोडा ते बँडेज. घसरलेला पाय मुरगळतो, त्याला धारेची जखम होत नाही."

पियूषने बँडेज सोडलं नाही. खाली मान घालून तो म्हणाला, "झाडामुळे समुद्र दिसत नव्हता."

सरपंचांनी "बरं" म्हटलं, सदूचा विषय खोडला आणि सभा गटारांकडे वळली. सदूकडे कुणी पाहिलं नाही. त्याने शुभमकडून कागद लिहून घेतला आणि अंगठा उठवला:

"महोदय, दिनांक चार ते सहा या काळात ग्रामस्थांनी अर्जदारास उद्देशून वापरलेला 'चोर' हा शब्द प्रत्येकाने अर्जदाराच्या दारात समक्ष येऊन, मोठ्याने, परत घ्यावा व तशी पोच द्यावी, ही विनंती."