दारातले अकरा नंबरचे शूज

कुमारकाका शूजचा खोका काखेत घेऊन डेकवर आले, तेव्हा आम्ही चहा घेत बसलो होतो. ऑक्टोबर संपत आला होता. इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये त्या दिवसांत अंधार लवकर पडतो, आणि काकांच्या मागच्या अंगणातला दिवा कित्येक दिवस बंदच होता.

सावनीने खोक्यावरचा नंबर वाचला. "काका, अकरा? तुमचा पाय तर माझ्याएवढा आहे."

"माझे नाहीत. उद्या एकीकडे पोचवायचेत."

"कुणाला?"

काकांचं लक्ष अमेयकडे होतं. अमेय आणि सावनी घर बघत होते, आणि तो आम्हाला फोनवर फोटो दाखवत होता. "एकदम छोटं गाव आहे, काका. इथून अर्धा तास. एक चर्च, एक लायब्ररी, एक पिझ्झावाला. क्राइम ग्रेड ए प्लस. मागच्या वर्षभरात त्या गल्लीत एकही चोरी नाही."

"कुठली गल्ली?"

अमेयने नाव सांगितलं. काकांनी कप खाली ठेवला आणि खोका मांडीवर घेतला.

"वर्षभरात नाही, हे बरोबर आहे," ते म्हणाले. "का नाही, ते तुझ्या फोनमध्ये नसेल."

काकांची नात उर्वी म्हणाली, "आजोबा, इज धिस अ घोस्ट स्टोरी?"

"तू ठरव. मी फक्त झालं ते सांगतो. गावाचं नाव मात्र घेणार नाही. अमेयला घर घ्यायचंय, किमती पडायला नकोत."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

*

त्या गल्लीच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो आणि झाडी सुरू होते, तिथे सुनेत्रा राहते. ती माझी मानलेली बहीण. गेली तीस-पस्तीस वर्षं भाऊबीजेला मला ओवाळते. तिचा नवरा रवी माझा मित्र. उंच, धिप्पाड माणूस. एका हिवाळ्यात बर्फावर घसरला आणि तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचा. टाच आधी घासायची, मग पाऊल पडायचं. त्याच्या प्रत्येक बुटाची डावी टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली असायची.

गल्लीत पहिली चोरी झाली, ती एका गुजराती कुटुंबाकडे. फक्त सोनं गेलं. टीव्हीला हातसुद्धा लावला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून रवी संध्याकाळी टॉर्च घेऊन गल्लीत फेरी मारायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. सुनेत्रा म्हणायची, चोर याला बघून पळणार नाहीत, पण याचा आवाज ऐकून नक्की पळतील. टक्... घस्स. टक्... घस्स.

गेल्या वर्षी मार्चमध्ये रवी गेला. जायच्या आठवड्यात त्याने नवीन शूज घेतले होते. ते घालायची वेळच आली नाही.

तेराव्याला गुरुजींनी छत्री आणि जोडे दान करायला सांगितलं. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर अनवाणी चालायला लागू नये म्हणून देतात. सुनेत्राने छत्री दिली. शूज दिले नाहीत.

गुरुजी म्हणाले, "ताई, हे राहून चालत नाही."

ती म्हणाली, "मी एकटी राहते, गुरुजी. दारात पुरुषाचे शूज दिसले की चोर दोनदा विचार करतो. आणि त्यांना लांब जायची आवड कधीच नव्हती."

तेव्हा मला हसू आलं होतं.

नवेकोरे, अकरा नंबरचे, तपकिरी शूज तिने पुढच्या दारात पायपुसण्यावर ठेवले. ते तिथेच असायचे. ती रोज त्यावरची धूळ पुसायची.

त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गावात आणखी तीन घरं फुटली. तिन्ही आपलीच. लायब्ररीत मीटिंग झाली. पोलीस अधिकारी भला माणूस होता. त्याने समजावून सांगितलं, की चोर आधी गाडीतून फिरून भारतीयांची घरं हेरतात. दाराला तोरण, पायरीवर रांगोळी, बाहेर चपला. आणि दिवाळीत हमखास सोनं सापडतं. खोटं नव्हतं ते. लक्ष्मीपूजनाला आपण लॉकरमधून दागिने घरी आणतो, आणि परत ठेवायला पुढचा आठवडा उजाडतो. मधल्या दिवसांत एकमेकांकडे फराळाला जातो आणि घर रिकामं.

"तोरणं उतरवा," तो म्हणाला. "चपला आत ठेवा. या वर्षी बाहेर कंदील नको."

सगळ्यांनी माना हलवल्या. सुनेत्रा उठली. "मी लावणार," ती म्हणाली. "घर माझं आहे. चोराला बरं वाटावं म्हणून मी ते लपवणार नाही."

गल्लीत त्या दिवाळीत एकच कंदील होता. तिचा.

तिचा मुलगा सिद्धेश मिनेसोटात, ईडन प्रेरीला असतो. त्याने पुढच्या दाराला कॅमेरा बसवून दिला होता आणि आईला सांगून ठेवलं होतं, "आई, आता काही झालं ना, तर मी घर विकतोय. तू आमच्याकडे यायचं. डिस्कशन नाही."

"कॅमेरा तुझा आहे," ती म्हणाली होती. "घर माझं."

ती बोलायची असं, पण मला ठाऊक होतं. आणखी एक चोरी झाली असती, तर मुलापुढे तिचं काही चाललं नसतं. रवीने लावलेल्या अंजिराच्या झाडाला थंडीत गोणपाट गुंडाळायला तिथे कुणी उरलं नसतं.

आता ती रात्र. तीन नोव्हेंबर, रविवार. सोयीचं म्हणून आम्ही त्या दिवशी माझ्या घरी भाऊबीज केली. त्याच पहाटे, इथल्या हिवाळ्याच्या नियमाने, घड्याळं तासभर मागे गेली होती. कालपर्यंत सहाला दिसत होतं, त्या दिवशी पाचला काळोख झाला. सुनेत्राने मला ओवाळलं. जेवण झालं. ती निघणार, एवढ्यात सिद्धेशचा फोन आला.

"आई, तू बाबांचे शूज आत ठेवलेस का?"

"नाही. का?"

"कॅमेऱ्यात दिसत नाहीयेत. दुपारी होते."

"कुणी उचलले असतील."

"कुणी आलेलंच नाही, आई. मी क्लिप बघितली. कंदील जरा हलला वाऱ्याने. त्याच्या आधी शूज आहेत. नंतर नाहीत. बस."

सुनेत्रा पर्स उचलून म्हणाली, "ए प्लस गावात शूज चोरीला जातात म्हणजे कमालच आहे." पण तिचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, दादा, तुला रात्री गाडी चालवता येत नाही, उगाच दोघांची काळजी नको. खरं होतं ते. मी म्हटलं, मग फोन चालू ठेव.

म्हणून मला पुढचं सगळं ऐकू आलं.

*

काका थांबले. झाडीत काहीतरी सळसळलं. उर्वीने शाल ओढून घेतली. सावनीने अमेयचा फोन उलटा करून ठेवला.

"खार आहे," काका म्हणाले, आणि पुढे सांगायला लागले.

*

ती घरी पोचली. मला सांगत होती. कंदील चालू आहे. पायपुसण्यावर शूज नाहीत. मग गॅरेजचं दार वर जाण्याचा आवाज. मग ती एकदम गप्प झाली.

"काय झालं?"

"स्वयंपाकघराच्या दाराची काच फुटलीय."

माझ्या बायकोने, सुलेखाने, तिच्या फोनवरून पोलिसांना, नाइन-वन-वनला फोन लावला. मी म्हटलं, सुनेत्रा, गाडीत बस. दारं लॉक कर.

"माझं घर आहे, दादा."

"सोनं गेलं तर गेलं..."

"सोन्याचं काय घेऊन बसलास. हे चोर मला इथून हलवणार आहेत. तो सिद्धेश उद्या ब्रोकर आणून उभा करेल." मग तिने गॅरेजमधलं बर्फाचं फावडं उचललं. ते फरशीला लागल्याचा आवाज आला. आणि मग, तुम्हाला सांगतो, तिने चपला काढल्या. सवय. आत चोर आहेत, जमिनीवर काचा आहेत, आणि ही बाई घरात जाताना चपला काढतेय. मी ओरडलो, चपला घाल. तिने घातल्या. आयुष्यात पहिल्यांदा चपला घालून स्वयंपाकघरात गेली.

वर माणसं होती. कपाटं उघडल्याचे आवाज मलासुद्धा येत होते.

ती जिन्याखाली उभी राहिली. आणि तिने इंग्रजीत ठणकावलं, पोलीस येतायत, माझ्या घरातून चालते व्हा. मग तेच मराठीत. मराठीत जरा जास्तच बोलली.

वरचे आवाज थांबले.

मग...

टक्.

काही नाही.

घस्स.

"दादा," ती हळूच म्हणाली. "ऐकलंस?"

मी फोन कानाला घट्ट धरला.

टक्... घस्स. वरच्या पॅसेजमध्ये. बेडरूमच्या दिशेने. सावकाश. घाई नाही. त्याला कधीच घाई नसायची.

मग वरून एक ओरडला. पुरुषाचा आवाज, पण लहान मुलासारखा. धावपळ. जिन्यावरून दोघं खाली आले. सुनेत्राच्या अंगावरून गेले, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फावडं तिच्या हातातच राहिलं. मागे वळून वळून बघत होते, ती म्हणते. एक जण सारखा म्हणत होता, "ही इज राइट बिहाइंड मी, मॅन." हे मी ऐकलं. या कानाने. पुढचं दार धाडकन उघडलं.

मग शांत.

वाटलं, संपलं.

टक्...

पहिली पायरी.

घस्स...

दुसरी.

"सुनेत्रा, बाहेर ये."

फावडं खाली टेकल्याचा आवाज आला.

"सुनेत्रा..."

आणखी एक पायरी. आणखी एक. फोनमध्ये आवाज मोठा होत होता. ती हलत नव्हती. मग तो आवाज थांबला. तिच्या अगदी समोर थांबला असणार. मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

आणि मग ती बोलली.

"अहो... आज उशीर झाला फेरीला."

...

टक्. घस्स. टक्. घस्स. दाराकडे. पायऱ्या उतरून खाली. रस्त्यावर. मग लांबून सायरन ऐकू यायला लागला.

*

पोलिसांना दागिन्यांची पिशवी जिन्यात सापडली. एक मणीसुद्धा गेला नव्हता. ते दोघं गावाबाहेर पकडले गेले. त्यांना धरायला गेले, तर स्वतःच पोलिसांच्या गाडीत बसले म्हणे.

अधिकाऱ्याने विचारलं, "मॅडम, घरात आणखी कोण होतं? ते दोघं म्हणतात, एक उंच माणूस होता."

सुनेत्रा म्हणाली, "माझे मिस्टर."

"आता कुठे आहेत?"

"फेरीला गेलेत."

त्याने तसं लिहून घेतलं असेल की नाही, मला माहीत नाही. तो बाहेर पडला, तेव्हा शूज पायपुसण्यावर होते. नीट, जोडीने.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश विमानाने आला. घर विकायचं ठरवूनच आला होता. मीही गेलो. मंदिरात फोन करून तो म्हणाला, गुरुजी, आधी ते शूज घेऊन जा, बाबांना मोकळं करा. गुरुजी आले. सुनेत्रा दारात उभी. शूज तिच्या मागे.

"आई, बाबा अडकलेत इथे. तुला कळत नाहीये का?"

"अडकलेत कोण म्हणालं? दार उघडंच असतं त्यांना. त्यांना जायचं असेल, तर ते जातील. मी हाकलणार नाही. चोरांना घाबरून मी घर सोडलं नाही, आणि आता यांना घाबरून सोडू? नवरा आहे माझा."

गुरुजींनी वाकून शूजकडे बघितलं, आणि नमस्कार करून निघून गेले. सिद्धेश आठवडाभर राहिला. रोज संध्याकाळी तो पुढच्या खोलीत बसायचा, टीव्ही बंद करून. जाताना घराबद्दल एक शब्द बोलला नाही. अंजिराच्या झाडाला गोणपाट मात्र बांधून गेला.

*

चहा केव्हाच निवला होता.

अमेय जरा हसला. "काका, म्हणजे मी ते घर घेऊ की नको?"

"घे की. चांगली गल्ली आहे. या दिवाळीत तिथे प्रत्येक घरावर कंदील लागलाय, एका अमेरिकन म्हाताऱ्याच्या घरावरसुद्धा. फक्त संध्याकाळी फिरायला गेलास, तर रस्त्याची डावी कड मोकळी ठेव."

"आणि हे शूज?" सावनीने खोक्याकडे बोट दाखवलं.

"सुनेत्राने मागवलेत. नमुन्याला जुने आज सकाळीच देऊन गेली. म्हणाली, दादा, घट्ट आणू नकोस, त्यांना रोज चालायचं असतं."

उर्वी काकांच्या जवळ सरकली. "आजोबा, यू आर मेकिंग धिस अप."

काका उठले. आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. त्यातून जुने तपकिरी शूज काढले आणि आमच्यासमोर टेबलावर ठेवले. वरून अगदी नवे दिसत होते. कातड्यावर एक घडी नव्हती. आत पाय घातल्याची खूण नव्हती. उजव्या तळव्यावर दुकानाचं स्टिकर अजून चिकटलेलं होतं.

मग काकांनी डावा शूज उलटा केला.

टाच बाहेरच्या बाजूने पार झिजून गेली होती. तिच्यात ओली माती होती, आणि मातीत एक ताजं हिरवं पान.