छबूमायचे गुडघे

प्रकाशा गावाच्या स्टँडवर अजित एसटीतून उतरला आणि पहिल्याच पावलाला त्याच्या गुडघ्यावर काठी बसली. कोणी मारली नव्हती. यामिनीने स्कूटीच्या मागे आडव्या बांधलेल्या बावीस काठ्यांची सुतळी ऐन वळणावर सुटली, त्यातली एक निघाली ती थेट पाहुण्याच्या वाटीवर.

"अगंबाई... लागलं का हो?"

"नाही," तो गुडघा धरून, दात आवळत म्हणाला. "काठ्या विकता?"

"वाटते. 'सांजसोबत' संस्थेचं केंद्र आहे इथं, म्हाताऱ्या माणसांचं." ती काठ्या गोळा करायला वाकली, तोही वाकला आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. आता कपाळ चोळत त्याने सांगितलं की त्याच केंद्रावर गुडघ्यांच्या व्यायामासाठी नेमलेला फिजिओथेरपिस्ट तो. यामिनीने त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे बरे होते. लंगडत होता, पण ते तिच्याच कृपेने.

"मग पहिला पेशंट तुम्हीच," ती म्हणाली. तो हसला, आणि तिने सुतळीला उगाच तीन गाठी मारल्या.

केंद्र म्हणजे तापीच्या घाटाजवळची एक लांबलचक खोली. दुपारी गरम खिचडी, आठवड्याला बीपीची तपासणी, चष्मे, कॅरम, भजन, आणि आता मंगळवार-शुक्रवार व्यायाम. महिनाअखेरीस परीक्षा. हाताची घडी घालून खुर्चीवर बसायचं आणि तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजायचं. ज्या केंद्रातले गुडघे सुधारतील तिथून फिजिओथेरपिस्ट पुढच्या केंद्रावर, हा संस्थेचा नियम. पुढचं केंद्र वर सातपुड्यात, मोलगीला.

अजितने हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांना हौसेने समजावून सांगितला. तिथंच त्याचं चुकलं.

पाच महिने झाले, एकाचाही गुडघा सुधारेना. उलट बिघडले. अडुसष्ट वर्षांच्या छबूमाय पहिल्या महिन्यात नऊदा उठल्या होत्या, त्या आता तीनवर आल्या. तिसऱ्यांदा उठताना अशा विव्हळायच्या की कॅरम खेळणारे सोंगटी सोडून बघायचे.

"नही होस माय. टोंगयामा लई कय शे," असं म्हणत त्या गुडघा दाबायच्या. मग अजित खाली बसून पाय चेपायचा, यामिनी गरम पाण्याची पिशवी आणायची, आणि पिशवी देता-घेता बोटांना बोटं लागायची.

"पिशवी फार गरम आहे," तो म्हणायचा.

"मग सोडा की."

"तुम्ही आधी सोडा."

छबूमाय डोळे मिटून पडलेल्या असायच्या. निदान तसं वाटायचं.

अशात संस्थेच्या नाशिकच्या कार्यालयातून पत्र आलं. प्रकाशा केंद्रात सुधारणा शून्य, शुक्रवारी तिथल्या रोहिणी मॅडम स्वतः परीक्षा घेतील, आकडे असेच राहिले तर अजितची नेमणूक रद्द. यामिनीने पत्र दोनदा वाचलं.

त्याच संध्याकाळी ती घाटावर जाऊन बसली. समोरून डोक्यावर ओल्या धुण्याचं गाठोडं घेऊन एक बाई पायऱ्या चढत येत होती, एकेक गाळून, तोंडाने गुणगुणत. जवळ आली तर छबूमाय.

छबूमायने हळूच गाठोडं खाली ठेवलं आणि कंबरेला हात लावला.

"ऱ्हाऊ दे माय," यामिनी म्हणाली. "देखं मी."

"मंग काय करसू?" छबूमाय तिच्याशेजारी मस्त मांडी घालून बसल्या. "आम्हना टोंगया सुधरनात का तो चालना जाई. तो गया का मंग तू कोनसाठे गजरा घालशी? मंगळवार-शुक्रवार गजरा, बाकीना दिवस डोकाले तेल. आम्ही काय आंधया शेत? बठ्ठासनी ठरायं, तुम्हनं जमत नही तोवर चारपेक्षा जास्ती कोनी उठानं नही."

यामिनीला हसावं की रडावं कळेना. अख्खं केंद्र पाच महिने तिच्यासाठी लंगडत होतं. आणि सुधारले तर तो मोलगीला, न सुधारले तर घरी. कुठूनही धरा, तो जाणारच. पण तिच्या गजऱ्यापायी त्याच्या नावावर बट्टा लागलेला तिला चालणार नव्हता.

"माय, तुम्ही उठनात नही ते त्यानी नोकरी जाई."

"आनि उठनूत ते?"

"मोलगीले जाई."

"मंग तुन्हं काय?"

"मन्हं मी देखी लिसू," यामिनी म्हणाली, आणि तिने नदीकडे तोंड केलं. छबूमायने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

शुक्रवारी रोहिणी मॅडम घड्याळ घेऊन बसल्या. अजितचा चेहरा पडलेला. छबूमाय खुर्चीवर बसल्या, यामिनीकडे एकवार पाहिलं, आणि सुटल्या. चार झाले, आठ झाले, सतरावर घड्याळ थांबलं.

"आजी, गेल्या महिन्यात तीन होते," मॅडम चष्मा वर करत म्हणाल्या.

"डागदरना हातले गुण शे."

मग नथ्थूआप्पा. ते एकोणीस वेळा उठले आणि वेळ संपली तरी थांबेनात, शेवटी मॅडमनीच खुर्ची धरली. सगळ्या खोलीत एकही गुडघा दुखेना. मॅडमनी अजितचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि सोमवारपासून मोलगी असं सांगून त्या जेवायला गेल्या. खोलीत कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुपारी सगळे पांगले. अजित व्यायामाचे रबरी पट्टे पिशवीत भरत होता. यामिनी परीक्षेच्या खुर्चीवर बसून होती.

"मला माहीत होतं," तो पाठमोराच म्हणाला. "दुसऱ्याच महिन्यात नथ्थूआप्पा सायकलवर दिसले. मागे गवताचा भारा."

"मग बोलला का नाहीत?"

"ते जेवढं उठले तेवढं लिहिलं, खोटं काही नाही. पण बोललो असतो तर बदली झाली असती. मोलगीचे म्हातारे वाट बघतायत हे आठवलं की लाज वाटायची. मग मंगळवार यायचा..." तो वळला. "चला, गेटपर्यंत तरी या."

"उठता येत नाहीये."

तो पिशवी टाकून आला, सवयीने खाली बसला. "कोणता गुडघा?"

"दोन्ही."

"कधीपासून दुखतायत?"

"सोमवारपासून दुखणार आहेत."

अजितचे कान लाल झाले.

"माझाही पहिल्या दिवसाचा... ती काठी... अजून बरा नाही," तो म्हणाला. "यामिनी, मला तू आवडतेस. मोलगीहून दोन गाड्या बदलून येईन दर रविवारी. चालेल?"

"नाही."

त्याचा चेहरा उतरला.

"एका रविवारी तू, एका रविवारी मी," ती म्हणाली. "मला काय गाडीत बसता येत नाही? आणि मलाही तू... हे बघ, सगळं माझ्याच तोंडून ऐकायचंय का?"

"हो."

"आवडतोस. झालं?"

तेवढ्यात खिडकीबाहेर कोणीतरी "आय आय" केलं. दोघं धावले. खिडकीखाली छबूमाय उकिडव्या बसलेल्या, भिंतीला कान लावून, कधीच्या.

"आते खरंच दुखी ऱ्हायनात," त्या कळवळून म्हणाल्या. "उठाडा माले."

"माय, पुरे झालं," यामिनी म्हणाली.

"तुन्ही आन बेटा. खरंच."

एक हात अजितने धरला, एक यामिनीने. दोघांनी मिळून छबूमायला उभं केलं. उभ्या राहिल्यावर त्यांनी अजितचा हात यामिनीच्या हातात ठेवला, वरून आपली मूठ दाबली, आणि खरोखरच लंगडत घराकडे निघाल्या.