छत्तीस नंबरचं पुडकं

पुडकं सोडलं आणि दिशाच्या हातात कुणा पुरुषाचं बनियन आलं.

साधंसुधं बनियन नव्हतं ते. कातडीच्या रंगाचं, जाड, ताणून पाहिलं तर बोटं दुखावीत इतकं घट्ट. पुढे चेन, चेनच्या आत हुकांची ओळ. तिचा पोटाचा पट्टाही ह्याच कापडाचा, ह्याच रंगाचा. तिने पुडक्यावरची चिठ्ठी पुन्हा वाचली. छत्तीस. चिठ्ठी तर बरोबर होती.

चूक झाली ती मालनताईंच्या रीतीमुळे. घाटकोपर पूर्वेला भाजीगल्लीच्या तोंडाशी त्यांचं चिमुकलं दुकान. एके काळी त्या ब्लाउज शिवायच्या. आता आसपासचे सर्जन आपले ऑपरेशन झालेले पेशंट त्यांच्याकडे धाडत. सूज उतरेल तसा पट्टा सैल पडतो, मग मालनताई दर आठवड्याला तो थोडा आत घेऊन देत. गिऱ्हाइकाचं नाव मात्र त्या कधी विचारत नसत. "इथं येणाऱ्याला नाव नकोच असतं गं," त्या म्हणायच्या. पुडक्यावर फक्त माप. आणि त्या गुरुवारी छत्तीस दोघांचं निघालं.

डॉक्टरांनी दिशाला बजावलं होतं – सहा आठवडे, दिवसाचे तेवीस तास पट्टा अंगावर. अंघोळीपुरता एक तास मोकळा. अंगावरचा पट्टा तर तिने मुलुंडला घरी पोचल्या पोचल्या धुऊन दोरीवर टाकला होता. शेवटी पोटाला ओढणी गच्च बांधून ती रिक्षाने परत घाटकोपरला आली. ऑक्टोबरचा उकाडा असा, की ओढणीसुद्धा घामाने ओली झाली.

तो आधीच येऊन थांबला होता. उंच, सावळा, निळ्या शर्टातला. तिचा पट्टा दोन्ही हातांवर असा धरलेला, जणू कुणाचं तान्हं मूल आहे.

"हे… तुमचं असावं," तो म्हणाला आणि कानशिलापर्यंत लाजला. मग ते लाजणं झाकायला भराभर बोलत सुटला. त्याचं नाव सम्यक. लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या वहिनीकडे अस्साच पट्टा होता, बाळंत झाली तेव्हा. आणि मग, अगदी निर्मळ तोंडाने, "मुलगा की मुलगी?"

दिशाने तोंड उघडलं, आणि खरं काही बाहेर येईना.

खरं काय होतं? दोन वर्षं पहाटे चालून, भाताकडे पाठ फिरवून तिने जवळजवळ चाळीस किलो उतरवले होते. वजन गेलं, पण पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत राहिली. ती कातडी तिने ऑपरेशन करून काढून घेतली. तिच्या आईने, म्हणजे नंदाबाईंनी, शेजारी हर्निया सांगून ठेवलेला. कारण काढून घेतली म्हटलं की लोक आधी पोटाकडे बघतात, मग तोंडाकडे, आणि म्हणतात, हौस बाई एकेकाची. ह्या लाजऱ्या माणसाने तसं बघावं, हे तिला का कोण जाणे, सोसवलं नसतं.

"मुलगी," ती म्हणाली.

मालनताईंचं मशीन क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

"नाव काय ठेवलं?"

"बारसं व्हायचंय अजून."

त्याच्या बनियनचं काय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, बरगडी. क्रिकेट खेळताना. हे जरा जास्तच पटकन म्हणाला, पण दिशा स्वतःच्या खोट्यात इतकी गुरफटली होती की तिच्या ते ध्यानात आलं नाही.

पुढच्या गुरुवारी दोघं पुन्हा एकाच वेळी आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी दोघांनीही वेळ जमवून आणली, आणि तसं काहीच नसल्यासारखं दाखवलं. दुकानातून रिक्षा स्टँडपर्यंतचा चार मिनिटांचा रस्ता ते वीस मिनिटांत चालायचे. तिला ताठ होता येत नव्हतं, त्याला हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. रिक्षाला हात तिलाच करावा लागे. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या गोष्टी तो सांगायचा. चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या काशीरामकाकांनी आतूनच भाजीवाल्याशी घासाघीस कशी केली, ते सांगताना त्याने दोन्ही आवाज काढले.

"हसवू नका हो," ती पोट धरून म्हणाली. "टाके आहेत."

"बरं, मग दुःखाची सांगतो. काकांना मेथी महागच पडली."

ती भिंतीला टेकून हसत राहिली.

एकदा तिच्या सँडलचा पट्टा सुटला. खाली वाकायची तिला मनाई. ती तशीच पाय ओढत निघाली, तर तो गुपचूप फुटपाथवर उकिडवा बसला. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. त्याची बोटं, वंगणाचा बारीक काळा डाग नखाशी राहिलेली, तिच्या घोट्यापाशी अडखळली. बक्कल लागायला काही इतका वेळ लागत नाही.

उठता उठता त्याने, वर न बघता, विचारलं, "बाळाचे बाबा येत नाहीत कधी सोबत?"

"ते… दुबईला असतात."

अरे देवा, दुबई कुठून आली? घरी जाऊन तिने उशीत तोंड खुपसलं. खोटं सैल पडलं की मालनताई ते आत घेऊन देत नसतात.

चौथ्या गुरुवारी त्याने तिच्या हातात कागदाची पिशवी ठेवली. आत बाळासाठी कुंची होती. जुन्या सुती लुगड्याची, हात लावला तर विरघळेल अशी मऊ, कडेला पिवळी झालर. त्याच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, डोळ्याला चष्मा लावून हाताने शिवलेली.

"आई रोज विचारते, बाळ कसं आहे म्हणून," तो म्हणाला. मग नजर रस्त्याकडे वळवली. "दिशा… पुढल्या वेळेपासून मी मंगळवारी येईन. गुरुवार नको."

"का?"

"गुरुवारची मी फार वाट बघायला लागलोय. कुणीतरी दुबईत तुमच्या भरवशावर राहतोय. हे बरं नाही."

रिक्षा आली. ती बसली. कुंची मांडीवर घेऊन मुलुंडपर्यंत ती इतकी रडली, की रिक्षावाल्याने मागे वळून तिला दवाखान्यात नेऊ का म्हणून विचारलं.

चार दिवस तिने मनाशी घोळवलं. गप्प राहिली तर तो जाणार. खरं सांगितलं तर कदाचित तो तसं बघणार. आधी पोटाकडे, मग तोंडाकडे. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी पट्टा काढायला सांगितला, टाके छान भरलेत म्हणाले, आता वाका, चाला, जिना चढा. ती तिथून थेट घाटकोपरला गेली.

सम्यक स्टुलावर बसला होता. तिला बघून तो उठला. आनंदला आणि घाबरला, दोन्ही एकदमच.

"बाळ नाहीये," दिशा म्हणाली. पहिलं वाक्य हेच असायला हवं, नाहीतर पुढची येणार नाहीत, हे तिने रिक्षात ठरवलं होतं.

त्याने विचारलं, "नवरा?"

"तोही नाही."

"आणि दुबई?"

"दुबई आहे. तिथे माझं कुणी नाही."

मालनताईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

मग तिने सगळं सांगितलं. चाळीस किलो, लोंबणारी कातडी, हर्निया. फोटोत नेहमी कुणाच्या तरी मागे उभं राहणं. तो हसला नाही. उलट त्याचा चेहरा कठोर झाला.

"माझी आई त्या कुंचीवर दोन दुपारी बसली होती," तो म्हणाला. "ते मला लागलं. बाकीचं नाही."

"चुकलं माझं."

"दोघांची मापं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहेत," मालनताई मशीनवरून म्हणाल्या. "मी कधी बोलले नाही. पण बाबा, तू आता तिच्यावर डोळे वटारू नकोस. तुझी बरगडी कुठंय ते सांग आधी."

सम्यक खाली बसला. बोटाने शर्टाचं बटण चाचपत राहिला.

"क्रिकेट मी आयुष्यात खेळलो नाही," तो म्हणाला. "शर्ट ओला झाला की शाळेत पोरं माझ्या छातीवरून… बायकी म्हणायची. चरबी होती, व्यायामाने जात नव्हती. पंधरा वर्षं मी दोन-दोन बनियनं घातली. सुट्टीत गावी सगळे नदीत उतरायचे, मी काठावर त्यांचे कपडे सांभाळायचो. शेवटी मीही काढूनच घेतली."

दिशाने त्याच्याकडे पाहिलं. आधी तोंडाकडे. नंतरही तोंडाकडेच.

"हसायचं असेल तर हस," तो म्हणाला. "आता टाके नाहीत तुला."

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तिने पिशवीतून कुंची काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही.

"मी नाही नेणार परत. आईला तूच येऊन सांग, बाळ नाही म्हणून. रविवारी. आधी ओरडेल, मग जेवायला वाढेल. आणि भात खावा लागेल. नाही म्हटलेलं तिला चालत नाही."

"खाईन."

मालनताईंनी त्याचं पुडकं बांधलं. चिठ्ठीवर चौतीस लिहिता लिहिता पेन थांबवला, आकडा खोडला, आणि पहिल्यांदाच विचारलं, "नाव काय रे तुझं?"

बाहेर ऊन चढलं होतं. रिक्षा स्टँडवर आज सम्यकने हात वर केला. सावकाश, खांद्याच्या वर, पार डोक्याच्या वर. रिक्षा थांबली, तरी तो हात तसाच धरून उभा, आणि दिशाला इतकं हसू आलं की तिच्या सँडलचा पट्टा पुन्हा सुटला.

तिला आता वाकता येत होतं. सकाळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं.

तिने पाय पुढे केला.