माल : गाव, नग : तेवीस

"कोणाचा इस्वास बसणार नाही. अन् बसलाच, तर समजा मी सांगण्यात कमी पडलो."

टिकारामची गोष्ट अशीच सुरू व्हायची. मोहाडीच्या बाजाराच्या दिवशी दुपारी त्याच्या पडवीत चार-पाच माणसं टेकायची. आत त्याची बायको रुखमा भात मांडायची आणि बाहेर टिकारामचा ट्रक निघायचा. त्या ट्रकनं आजवर बिबट्याला कट मारला होता, आणि एकदा डिझेल संपल्यावर साकोलीपासून भंडाऱ्यापर्यंत तो नुसत्या उतारानं आला होता. उतार कुठं आहे, असं कोणी विचारत नसे. पण चौऱ्याहत्तर सालच्या भादव्यातली फेरी सांगताना टिकारामचा आवाज खाली यायचा, म्हणून लोक तीच मागून घ्यायचे. आज चंद्रभान विणकर पहिल्यांदाच आला होता. खांबाजवळची जागा तेवढी मोकळी होती. तिथं तो बसला.

तेव्हा टिकाराम वासुदेवरावांच्या ट्रान्सपोर्टमध्ये नवा ड्रायव्हर होता. नवा म्हणजे अकरा दिवसांचा. महिनाभर बघू, मग पक्कं करू, असं मालक म्हणाले होते. कोंढ्याचा सासरा तुलाराम त्याहून कडक. "नोकरी पक्की झाल्याबिगर रुखमाले न्यायले येऊ नोको, जवाई," असं त्यानं भर लग्नमांडवात सुनावलं होतं. रुखमाला माहेरी राहून सात महिने झाले होते.

मालकाच्या बाकी गाड्यांना बाजूच्या फळ्या होत्या. टिकारामला मिळाली ती अंगणासारखी सपाट. बाजूला फळी नाही, वर ताडपत्री नाही. गिरणीचे बॉयलर आणि सागाचे खांब न्यायची गाडी. अशा गाडीवर माल थांबतो तो फक्त दोराच्या भरवशावर. म्हणून वासुदेवरावांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. दोर आवळला की बोटानं छेडायचा, वाजला तरच निघायचं. आणि बिल्टीवर, म्हणजे मालाच्या चिठ्ठीवर, जितके नग लिहिले, तितके पोचल्याची निशाणी आणायची. एक नग कमी आला, तर ड्रायव्हर घरी.

त्या सकाळी कारकुनानं बिल्टी दिली. कुठून : बेहळाटोला. कुठं : मोहाडीजवळचा नवा टोला. माल : गाव. नग : तेवीस.

"गावाचा माल म्हणजे काय जी? खांब का कवेलू?"

"लिवलं ते वाच," कारकून मान वर न करता म्हणाला.

बेहळाटोला नव्या धरणात जाणार हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं. टिकाराम निघाला. वाटेतल्या राइस मिलच्या काट्यावर रिकामी गाडी चढवून त्यानं वजन करून घेतलं. काटेवाल्या जागेश्वरनं चिठ्ठी फाडली : पाच टन. पुढं नाल्याचा रपटा, बिनकठड्याचा बुटका दगडी पूल, लागला. पाणी चार बोटं. अकराच्या सुमाराला तो गावात शिरला.

गावात काहीच नव्हतं. छपरांवरचे कवेलू गेले होते, दारं गेली होती, चुलींच्या विटासुद्धा लोकांनी नेल्या होत्या. नुसत्या भिंती उभ्या. पलीकडच्या धानाच्या बांध्यांत धरणाचं पाणी आवाज न करता बांधाचा एकेक धुरा ओलांडत होतं. चौकात गोदावरीबाई नावाची एक बुढी गाठोड्यावर बसली होती.

"सारे गेले का, माय?"

"माणसं गेली. गाव राह्यलं. गाडी मागं घे."

टिकारामनं पहिल्या भिंतीजवळ गाडी मागं घेतली. बुढीनं त्या घराच्या कर्त्याचं नाव घेतलं, पान चघळून होईल इतका वेळ थांबली आणि म्हणाली, "बसले." गाडीखालचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरले. टिकारामला हसू आलं. म्हातारी सरकली आहे, तर सरकली. दुसऱ्या भिंतीला पुन्हा तेच. तिसऱ्याला तेच. चौथ्याला तो सहज खाली उतरला आणि त्यानं टायर पाहिले. टायर पोटाशी फुगले होते. कमानीसारखे वाकलेले पाटे सरळ व्हायला आले होते.

गाडीवर मात्र तळाच्या फळ्या आणि ऊन.

विसावं घर होईस्तोवर त्याचं हसू गेलं होतं. तेविसावी भिंत तर गुडघाभरच होती.

"ही शकुबाईची. आखाडात मेली बिचारी. मागं कोणी नाही, म्हणून सरकारनं तिकडं प्लाटबी नाही देला. बावीसच प्लाट आहेत."

"मंग कायले घेता तिले?"

बुढीनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला आपली आई आठवली. "एकटीले पाण्यात सोडू का गा?"

या वेळी पाटे जेमतेम हलले. शकुबाई हयातीतही हलकीच होती, असं बुढी म्हणाली.

मग त्यानं दोर टाकले. रिकाम्या गाडीवर दोर टाकला तर तो फळ्यांवर पडतो, हे अकरा दिवसांच्या ड्रायव्हरलाही कळतं. हे दोर पडले नाहीत. छातीएवढ्या उंचीवर थांबले. कुठं चढले, कुठं उतरले, छपरांवरून टाकावेत तसे. टिकारामनं आकडे आवळले आणि बोट लावलं.

दोर वाजला.

गोदावरीबाईला बाजूला बसवून तो निघाला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन रडायला लागलं. मागून काहीतरी ऐकू येत होतं. आधी त्याला वाटलं, आकडा हलतो आहे. मग कळलं, उखळात मुसळ पडत होतं. थांबून थांबून. एका चुलीचा धूर खिडकीतून आत आला, ओल्या सारवणाचा वास आला आणि एक कोंबडा भरदुपारी आरवला.

राइस मिलच्या काट्यावर जागेश्वरनं तीनदा वजन पाहिलं.

"साडेअकरा टन. अन् वरतं काहीच नाही?"

"दिसते का तुले काही?"

जागेश्वर खाली उतरला. दोन दोरांच्या मधल्या हवेत त्यानं हात घातला आणि झटकन मागं घेतला. तळव्याला राख लागली होती. त्यानं ती बोटांत चोळून पाहिली.

"गरम आहे."

मग त्यानं चिठ्ठीवर 'रिकामी' असं लिहिलं, ती टिकारामच्या हातात कोंबली आणि हळूच म्हणाला, "रपट्यावर पाणी वाढलं म्हणतात. सांभाळून ने. आत लेकरू रडून राह्यलं."

रपट्याचे दगड दिसतच नव्हते. वर कुठं तरी जोराचा पाऊस झाला असावा. पाणी मातकट, कमरेएवढं, आणि वेग असा की पाहताना डोकं फिरावं. पलीकडच्या काठावर रस्त्याचा मुकादम दोन्ही हात हलवत होता.

"रिकामी गाडी घालू नोको! पाण्यावर उचलल्या जाशीन! वाहून जाशीन!"

खरंच होतं ते. रिकामी सपाट गाडी अशा पाण्यात होडीसारखी सुटते. टिकारामनं ब्रेक दाबला. मागं फिरावं, तर गावात पाणी. थांबावं, तर तासाभरात इथंही पाणी. बिल्टी कोरी राहिली असती आणि रुखमा कोंढ्यालाच.

"रिकामी म्हणते मेला," गोदावरीबाई म्हणाली आणि बोळक्यानं हसली. "घाल गाडी."

त्यानं गाडी घातली.

पाणी चाकांवर चढलं. मग पायाखाली आलं.

मधोमध पोचल्यावर वरून पळसाचं एक आख्खं खोड आलं आणि गाडीच्या कुशीत आदळलं. गाडी तिरपी झाली. एका बाजूची चाकं उचलली.

मागचं मुसळ थांबलं.

साऱ्या गावानं श्वास धरल्यासारखं झालं. मग मागच्या मागं काहीतरी सरकलं. पुष्कळ पावलं एकदम उचललेल्या बाजूला धावल्यासारखी.

चाकं खाली आली. रपट्यावर टेकली.

टिकारामनं गिअर बदलला नाही. श्वाससुद्धा घेतला नाही.

गाडी काठावर चढली तेव्हा मागं असा कल्ला उठला की झाडांवरचे बगळे उडाले. थाळ्या, टाळ्या, कुत्री, बायांच्या किंकाळ्या. मुकादमानं गाडीकडं पाहिलं. फळ्यांवरून पाणी गळत होतं आणि हवेत दोर ताणलेले होते. त्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

नव्या टोल्याच्या वस्तीत लोक आपापल्या प्लाटवर उभे होते. बुढी एकेक नाव घ्यायची आणि गाडी बोटभर वर उठायची. तिसऱ्या प्लाटवर राधाबाई नावाची सून उभ्या उभ्या रडायला लागली. "माह्या घराचा वास आला वो," एवढंच ती म्हणत राहिली.

"अन् असे तेवीसच्या तेवीस नग उतरले!" टिकारामनं पडवीत मांडीवर थाप मारली. "बुढीनं बिल्टीवर अंगठा लावला. वासुदेवरावानं अंगठा पाह्यला, आकडा पाह्यला, अन् म्हणे, उद्यापासून तू पक्का. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीले झेंडूचा हार घातला अन् सरळ कोंढ्याले! सासरा गाडीभोवती तीनदा फिरला. खोट भेटेना, तं म्हणे टायरले चिखल आहे. माही राणी पेटी घेऊन पुढं बसली. मागं गाडी रिकामी, फुलावानी हलकी. साठच्या खाली आणलीच नाही!"

माणसं हसली. चंद्रभान तर खांबाला रेलून हसला.

"खोटं."

रुखमा दारात उभी होती. हातात भाताचा पळा होता.

"साठनं नाही, वीसनं आणली. मी विचारलं, रिकाम्या गाडीवर दोर कायले बांधले, तं तुमी बोललेच नाही. ते दोर छातीएवढे उभे होते."

टिकाराम हसायला गेला. हसू आलं नाही.

"बावीस प्लाट होते, बावीसच नग उतरले. माह्यासाठी तुमी बुढीच्या पाया पडून तेवीसवर अंगठा घेतला. मी काही म्हणलं का? बारा वर्षं झाले, मूठभर तांदूळ जास्त टाकून राह्यली."

रुखमानं पदर सावरला आणि नव्या पाहुण्याकडं पाहून अगदी अदबीनं म्हणाली,

"चंद्रभानभाऊ, थोडं सरकून बसता का? तुमी शकुबाईच्या जागेवर बसले."